१३ डिसेंबरच्या अलीकडे



या व्याख्यानमालेचे हे पहिले पुष्प. ज्या मुलीच्या आठवणीसाठी ती सुरू होते आहे, तिचे आईवडील समोर पहिल्या रांगेत बसले आहेत. निमंत्रण घेऊन आले तेव्हा तिचे वडील मला एवढेच म्हणाले, “ताई, तिच्याबद्दल नका बोलू. तिच्याबद्दल बोलणारे घरी खूप येऊन गेले. तिला जे आवडायचं त्याबद्दल बोला.” या मुलीने याच सभागृहात चादरीचा पडदा लावून जुने सिनेमे दाखवायला सुरुवात केली होती, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. म्हणून आज मी सिनेमाबद्दल बोलणार आहे, आणि तिच्या आवडत्या नटीबद्दल. स्मिता पाटीलबद्दल.

पण वडिलांच्या त्या वाक्यापाशी थोडे थांबते. घरी येऊन गेलेले लोक काय बोलत होते? तिच्या आईने सांगितले. कोणी म्हणे, “आदल्या रविवारी आमच्याकडे आली होती, तेव्हाच मला तिचा चेहरा वेगळा वाटला.” कोणी म्हणे, “निघताना दारात थांबून मागे वळून बघितलं हो तिने.” आता, दारात थांबून मागे कोण बघत नाही? चपला घालताना, छत्री राहिली का ते बघताना, उगीचच. माणूस परत येते तेव्हा त्या वळून बघण्याची कोणी नोंद ठेवत नाही. ते परत आले नाही की त्या साध्या हालचालीचा निरोप होतो. येणाऱ्यांची माया खोटी नव्हती. पण पंचवीस-तीस वर्षे जगलेल्या मुलीचे सगळे जगणे तिच्या शेवटच्या दिवसाकडे तोंड करून उभे करायचे, हा तिच्यावर अन्यायच आहे.

अवचित गेलेल्या तरुण माणसाचे करायचे काय, हा प्रश्न आपल्या समाजाला फार जुना आहे आणि त्याची उत्तरेही त्याने शोधून ठेवली आहेत. म्हातारपणी गेलेल्यांची सोय सोपी असते. ज्या तिथीला गेले त्या तिथीला पितृपक्षात पान वाढायचे. अकाली गेलेल्यांसाठी मात्र वेगळ्या तिथी राखून ठेवाव्या लागल्या. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची, तिची ओटी भरायची. अपघातात किंवा शस्त्राने गेलेल्यांसाठी घात चतुर्दशी. तरणाताठा मुलगा गेला तर पुष्कळ घरांत त्याचा वीर होतो, देव्हाऱ्यात त्याचा टाक बसतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर वाजतगाजत गोदावरीवर नेतात, ती मिरवणूक तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल. तळहातावर मावेल एवढा घोडेस्वार, चेहरा पुसट झालेला, नाव कोणालाच आठवत नाही. पण घरातला कोणीतरी तरुण कधीतरी अचानक गेला होता एवढे त्या घराला पिढ्यान् पिढ्या माहीत असते.

ही झाली मायेची बाजू. दुसरी बाजू भीतीची. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा होऊन पिंपळावर बसला. बाळंतपणात गेलेल्या बाईची तर अळवंतीणच केली. काही भागांत तिला पोचवून परतताना वाटेवर मोहरी टाकत यायचे, म्हणजे ती दाणे वेचत बसेल आणि तिची रात्र संपेल, घरापर्यंत पोचणार नाही. ज्या बाईने त्याच घराला मूल दिले, तिच्याच वाटेवर मोहरी!

देव करा नाहीतर भूत करा, दोन्हींत एक सोय आहे. दोन्हींत माणूस उरत नाही. ती काय काम करायची, कशावर चिडायची, तिला काय जमत नव्हते, हे सगळे गळून जाते. आणि दुसरी सोय त्याहून मोठी: ती का गेली, हे विचारावे लागत नाही. पाचवीला सटवाईने कपाळावर लिहिले होते, संपले.

स्मिता पाटील गेली १३ डिसेंबर १९८६ रोजी, मुंबईत. २८ नोव्हेंबरला तिला मुलगा झाला होता. बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीने ती पंधरवड्यात गेली. १७ ऑक्टोबर १९५५ चा तिचा जन्म, म्हणजे वय एकतीस. आणि गेल्याबरोबर तिच्या खुणा शोधायला सुरुवात झाली. दोन गोष्टी तुम्ही सर्वांनी ऐकल्या असतील. पहिली अमिताभ बच्चन यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली: १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणासाठी ते बंगळुरूला असताना रात्री अपरात्री स्मिताचा फोन आला, तुम्ही बरे आहात ना, मला वाईट स्वप्न पडले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना तो जीवघेणा अपघात झाला. दुसरी गोष्ट रंगभूषेची. मी गेले की मला सवाष्णीसारखे सजवा, असे तिने आपल्या रंगभूषाकाराला सांगून ठेवले होते, आणि त्याने ते केले.

यातले काहीच घडले नाही, असे मला म्हणायचे नाही. सांगणारे जवळचे होते, त्यांना ते आठवते. मी फक्त एवढेच विचारते, की या दोनच गोष्टी का टिकल्या? दुसरी तर आपल्या ओळखीची आहे. अहेव गेलेल्या बाईला हिरवी साडी नेसवणे, चुडा भरणे, मळवट भरणे, हे या महाराष्ट्रात घरोघर होत आले आहे. आपण एका नटीला अविधवा नवमीच्या पानावर नेऊन बसवले, आणि तिने ते आधीच सांगितले होते म्हणून तिला थोडे देवत्वही दिले. चाळीस वर्षे होत आली, दर १३ डिसेंबरला वर्तमानपत्रांत, चॅनेलवर याच दोन गोष्टी फिरत असतात. तिला दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले होते ते त्या गोष्टींच्या खाली, एका ओळीत. कशासाठी मिळाले होते, ते बहुधा नसतेच.

तर आज १३ डिसेंबरच्या अलीकडे राहू या.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे शिवाजीराव गिरधर पाटील हे तिचे वडील, स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी, पुढे काँग्रेसमध्ये जाऊन राज्यात मंत्री झालेले. आई विद्याताई परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्त्या. मुलगी वाढली पुण्यात, राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणात. सेवा दलाच्या कलापथकातून गाव पाहिलेली मुलगी आणि मोटारीच्या काचेतून गाव पाहिलेली मुलगी यांच्यात फरक असतो. तो पुढे पडद्यावर दिसतो. चारचौघांत, माणसांच्या अगदी अंगाजवळ उभे राहून गायची, नाचायची सवय असलेल्या माणसाला कॅमेरा जवळ आला म्हणून अवघडायला होत नाही.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. स्मिता तिथे बातम्या वाचायला लागली ती कशी, याची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात नियती कुठेच नाही, नुसता गबाळेपणा आहे. मैत्रिणीच्या घरच्यांनी काढलेले तिचे फोटो दूरदर्शनच्या इमारतीत कुणीतरी मांडून बसले होते, ते तिथल्या संचालकांच्या नजरेला पडले आणि त्यांनी विचारले, ही कोण? असे सांगतात. मग ती मराठी बातम्या वाचू लागली. काठापदराची साडी, मोठे कुंकू, सावळा रंग, आवाजात किंचित घोगरेपणा. त्या काळच्या कृष्णधवल पडद्यावर तो चेहरा काय उठून दिसत असेल, हे ज्यांनी तो पाहिला त्यांना विचारा. काही जण आज इथे आहेत. आणि खाली जीन्स! ती कॉलेजातून तशीच यायची, जीन्सवरच साडी गुंडाळायची, टेबलाच्या वर जेवढे दिसायचे तेवढे नेटके करून बातम्या वाचायची आणि साडी सोडून निघून जायची. कॅमेऱ्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे त्या मुलीला विशीच्या आतच नेमके कळले होते. अभिनयाच्या शाळेत हे शिकायला लोक फी भरतात.

श्याम बेनेगल यांनी तिला बातम्यांत पाहिले आणि ‘चरणदास चोर’ या मुलांसाठीच्या चित्रपटात राजकन्येचे काम दिले. मग ‘निशांत’, मग ‘मंथन’, मग ‘भूमिका’. हे १९७५ ते ७७. वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तिची एवढी कामे झाली होती.

इथे एक गोष्ट मला मराठी श्रोत्यांपुढे मुद्दाम मांडायची आहे, कारण स्मिताला हिंदी समांतर सिनेमाची नायिका म्हणताना ती निसटते. ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘अर्ध सत्य’, ‘उंबरठा’ या सगळ्यांच्या पटकथांमागे विजय तेंडुलकर आहेत. ‘अर्ध सत्य’ची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. ‘चक्र’ जयवंत दळवींच्या कादंबरीवरून. ‘जैत रे जैत’ गोनीदांचे. ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून. आणि ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावरून. तिचे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार, ‘भूमिका’चा आणि ‘चक्र’चा, मराठी पुस्तकांतून उभ्या राहिलेल्या बायकांना मिळालेले आहेत. त्या पंधरा-वीस वर्षांत मराठी लेखकांनी जी बाई कागदावर आणली, तिला पडद्यावर कोणी उभे केले असेल तर ते या मुलीने. ‘एक तेजस्वी तारा निखळला’ वगैरे म्हणताना आपण हे म्हणायला विसरतो, की तिच्यापाठीशी लेखणीचे एवढे बळ होते आणि ते पेलायची तिची तयारी होती. आकाशातून पडलेली ती नव्हती.

तयारी म्हणजे काय, ते ‘मंथन’मध्ये बघा. गुजरातेतल्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन दोन रुपये घालून काढलेला हा चित्रपट. स्मिता त्यात बिंदू, एका म्हशीवर घर चालवणारी बाई, नवरा परागंदा. चित्रीकरण खेड्यात चाललेले असताना बघायला आलेल्या लोकांनी विचारले, हिरॉइन कुठे आहे? ती गावातल्या बायकांत बसली होती, त्यांना ओळखता आली नाही, असे बेनेगल सांगत. ही गोष्ट आपण कौतुकाने ऐकतो आणि सोडून देतो. पण ती कशी बसली असेल? खुर्चीची सवय असलेल्या माणसाला उकिडवे बसता येत नाही. दहा मिनिटांत पाय भरून येतात, तोल सावरायला हात जमिनीवर टेकतो आणि सोंग उघडे पडते. ‘मंथन’मध्ये तिच्या बसण्याकडे लक्ष द्या. गुडघ्यांवर कोपरे, पाठ सैल, हात मोकळे. तसे तासन् तास बसता येते. ते शरीराने शिकावे लागते, आणि ते शिकायला वेळ द्यावा लागतो.

आणि त्याच चित्रपटात तिचा अंगठा. परत आलेला नवरा तिच्याकडून एका कागदावर अंगठा उमटवून घेतो. त्या कागदावर जे लिहिले आहे त्याने सहकारी दूधसंस्था उभी करायला आलेल्या डॉक्टरची अब्रू जाणार आहे. बिंदूला वाचता येत नाही. इतका वेळ सगळ्यांशी फाडफाड बोलणारी ही बाई त्या एका ठिकाणी गप्प होते. पटकथेत ते आहेच. पण त्या गप्प होण्याआधी तिने आपला आवाज इतका चढा, इतका मोकळा ठेवला नसता, तर आपल्याला ते गप्प होणे ऐकूच आले नसते. २०२४ च्या मे महिन्यात हा चित्रपट दुरुस्त करून कान महोत्सवात दाखवला गेला. निर्माते म्हणून शेतकऱ्यांचे नाव असलेला सिनेमा तिथल्या गालिच्यावरून गेला, याचा मला जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल करते.

‘भूमिका’ सुरू होतो तो नाचाने. नऊवारीतली लावणी, ठसका, डोळे. आपण रंगात येतो न येतो तोच कळते की हे चित्रीकरण आहे, आणि ती बाई, नायिका उषा, मेकअप पुसून घरी जाते ते भांडणाला तोंड द्यायला. बाविशीच्या आसपासची स्मिता तिथे पोक्त बाई होते, पुन्हा लहान मुलगी नसलेली पण अजून बाईही न झालेली पोर होते, पुन्हा थकलेली नटी होते. तिला कोणी वयाप्रमाणे केस पांढरे लावून दिले नाहीत. वय तिने मानेतून काढले आहे. तरुण उषा मान वळवते ती झटकन; पुढची उषा आधी डोळे फिरवते, मग सावकाश मान. माझे म्हणणे खरे की खोटे ते पुन्हा बघून ठरवा.

‘आक्रोश’बद्दल फार बोलत नाही, तिथे तिला संवादच जवळजवळ नाहीत आणि तरी तो चित्रपट तिच्याभोवती फिरतो. ‘उंबरठा’वर मात्र भांडणे झालेली मला आठवतात. सुलभा महाजन, वकिलाची बायको, सुस्थितीतले घर. लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून परगावी नोकरीला जाते. १९८२ साली आमच्या घरी यावर जेवणाच्या ताटावर वाद झाला होता. “मुलगी लहान असताना कसली नोकरी?” हा मावशीचा सवाल. तिच्या नवऱ्याचे काय चुकले यापेक्षा तिने मुलीला सोडले, हाच मुद्दा. स्मिताने सुलभा कुठेही लाडिक, दयनीय केली नाही, त्यामुळे मावशीला तिच्यावर रागवता आले. मी याला अभिनयाची मोठी पावती समजते. बाई चुकली की बरोबर, हे ठरवायचे काम तिने प्रेक्षकांवर टाकले, डोळ्यांत पाणी आणून ते आधीच उरकून घेतले नाही.

आणि हो, तिने ‘नमक हलाल’ही केला, ‘शक्ती’ही केला. ‘नमक हलाल’मधल्या पावसातल्या गाण्याने ती अस्वस्थ झाली होती, हे जगजाहीर आहे. ‘चक्र’च्या जाहिरातीत झोपडपट्टीतल्या नळावर अंघोळ करणाऱ्या बाईचेच चित्र मोठे करून लावले, त्याचाही तिला त्रास झाला. या गोष्टी मी सांगते त्या यासाठी, की ती सगळीकडे जिंकत चालली नव्हती. काही कामे नुसती पोटासाठी आणि नावासाठी केली, काही फसली. १९८५ ला पद्मश्री मिळाली त्याच्या आगेमागेही बरेच सुमार चित्रपट आहेत. जिवंत माणसाच्या कामाचा ढीग असाच असतो. अकाली गेलेल्या माणसाचा ढीग आपण निवडून, पाखडून ठेवतो, आणि मग म्हणतो, बघा, एकही खडा नाही.

ती गेल्यानंतरही तिचे चित्रपट येत राहिले. ‘मिर्च मसाला’ १९८७ चा. सुभेदाराच्या शिपायांनी पाठलाग केलेली सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो, आणि शेवटी आतल्या बायका मिरचीपूड उधळतात. शेवटच्या क्षणी ती हातात कोयता घेऊन समोर बघते. त्यात तिने मरणाकडे बघितले, असे लिहिलेले मी वाचले आहे. अहो, ती सुभेदाराकडे बघते आहे! समोर नसीरुद्दीन शाह गुडघ्यावर आला आहे आणि सोनबाईला त्याला दाखवायचे आहे की मी इथे उभी आहे. केतन मेहतांनी ते दृश्य घेतले तेव्हा तिथल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हवेतल्या मिरचीचा प्रश्न होता, परलोकाचा नव्हे.

‘वारिस’चे आणखी वेगळे. त्याचे काम झाले होते, आवाज द्यायचा राहिला होता. तो रेखाने दिला. १९८८ साली तो प्रदर्शित झाला तेव्हा पडद्यावर स्मिता बोलत होती आणि आवाज दुसरीचा होता. व्यवसायाच्या रीतीने ते बरोबरच होते. निर्मात्याचे पैसे अडकलेले, सहकलाकारांचे कष्ट अडकलेले. रेखाने ते करून दिले हे तिचे मोठेपण. पण अवचित गेलेल्या माणसाचे काय होते हे मला त्या चित्रपटाइतके स्पष्ट दुसरीकडे दिसलेले नाही. तोंड तिचे, शब्द आपले. आपण सगळे तेच करत असतो.

आता ज्या प्रश्नाला देवही झाकतो आणि भूतही झाकते, त्या प्रश्नाकडे येते. ती का गेली?

मी डॉक्टर नाही, तिचे कागद मी पाहिलेले नाहीत, आणि अमुक केले असते तर ती वाचली असती असे म्हणायचा मला अधिकार नाही. मला एवढेच माहीत आहे की बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत तरुण बाई जाते, ही काही एकट्या स्मिताची गोष्ट नव्हे. आपल्या आज्यांना हे पुरते ठाऊक होते. बाळंतीण सव्वा महिना सांभाळायची, तिची खोली वेगळी, शेक-शेगडी वेगळी, बाहेरच्याने आत जायचे नाही, हे सगळे या भीतीतूनच आले. त्यातले काही शहाणपणाचे होते, काही घातक होते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरला १८४७ साली दिसले, की शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातूनच बाळंतज्वर पसरतो आहे. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने उतरले. सहकाऱ्यांना ते पचले नाही. आपल्याच हातांनी हे झाले, हे मान्य करण्यापेक्षा हवा वाईट आहे, नशीब वाईट आहे, हे मान्य करणे सोपे. सटवाई फक्त आपल्याकडेच होती असे नाही.

२०१८ ते २० या काळातल्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे भारतात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. केरळात १९, आसामात १९५. आपण केरळाच्या जवळ आहोत म्हणून समाधान मानावे, की एका देशात एकाच वेळी १९ आणि १९५ असू शकतात म्हणून अस्वस्थ व्हावे? नशीब राज्याची हद्द बघून बदलत नाही.

या आकड्यांमागे एक काम चालते, ते आपल्या कोणाच्या फारसे गावी नसते. बाई गरोदर असताना, बाळंतपणात किंवा त्यानंतर ४२ दिवसांत गेली, तर तिच्या मृत्यूचे परीक्षण करायचे असते. आपला सव्वा महिना आणि सरकारचे ४२ दिवस, फार अंतर नाही. आशाताई कळवते. मग आरोग्य खात्याची माणसे त्या घरी जातात, तिच्या माणसांजवळ बसतात आणि विचारतात. त्रास कधी सुरू झाला? पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आले? दवाखान्यात न्यायचे कोणी ठरवले, आणि ठरवायला किती वेळ लागला? गाडी किती वाजता मिळाली? पहिल्या दवाखान्यातून पुढे का पाठवले? रक्त होते का? उशीर तीन ठिकाणी होतो असे या विषयातले जाणकार मानतात: घरी ठरवण्यात, वाटेत, आणि पोचल्यावर उपचार सुरू होण्यात. पुढे जिल्हा पातळीवर बैठक होते. तिथे अहवाल जातो त्यावर बाईचे नाव नसते, डॉक्टरचेही नसते. हेतू कोणाला धरायचा नसतो, तर पुढची बाई वाचावी हा असतो. जिल्हाधिकाऱ्यांपुढच्या बैठकीला त्या बाईच्या घरच्यांनाही बोलवावे, असे मार्गदर्शक सूचनांत आहे.

सगळीकडे हे नीट होते असे नाही. पुष्कळ ठिकाणी तो एक फॉर्म असतो आणि तो भरून फायलीला लागतो. तरी मी तो फॉर्म पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले, गेलेल्या तरुण बाईबद्दल इतके बारीक, इतके शेजारी बसून आपण दुसरीकडे कुठेच विचारत नाही. तिच्या चेहऱ्याबद्दल तिथेही विचारतात. पण ते चेहरा फिका होता का, सुजला होता का, ताप होता का, यासाठी. खुणा शोधायच्याच असतील तर त्या अशा.

ज्यांच्या मुलीच्या नावाने आपण जमलो, त्यांच्यापुढे मी हे सगळे बोलले. त्यांनी मला सिनेमावर बोलायला सांगितले होते. मी वाट थोडी सोडली. पण त्यांच्या मुलीने इथे ‘भूमिका’ दाखवला त्या दिवशी चहा पिताना प्रेक्षकांनी चर्चा दुसरीकडेच नेली होती आणि ती मुळीच रागावली नव्हती, असे तिच्या मित्रांकडून मला कळले आहे. तेव्हा चालेल.

मध्यंतरानंतर आपण ‘जैत रे जैत’ बघणार आहोत. जब्बार पटेलांचा, १९७७ चा. कर्नाळ्याच्या परिसरातली ठाकरवाडी, लिंगोबाचा डोंगर, ढोल, महानोरांचे शब्द, हृदयनाथांचे संगीत, मोहन आगाशे यांचा नाग्या. स्मिता चिंधी झाली आहे, निकम्म्या नवऱ्याला सोडून आपल्या पसंतीच्या माणसाकडे येणारी. ज्यांनी तो पूर्वी पाहिला आहे त्यांना शेवट माहीत आहे: राणीमाशी हरते, आणि चिंधी मरते. तिथे कोणाला गहिवरून आले तर ते चिंधीसाठी येऊ द्या. चिंधी १९७७ साली मेली. स्मिता त्यानंतर नऊ वर्षे काम करत होती.

चहा बाहेर ठेवला आहे. पडदा बांधायला चार तरुण हात हवे आहेत.